देण्याचा विषाद

मनुष्यास संपत्ती गेल्याचे दुःख होते, तसे ती द्यावी लागल्याचेही होते. आणि या दोहोंत दुसरे दुःख अधिक खोल जाते. चोराने नेले तर मनुष्य दैवास दोष देतो, दोन दिवस हळहळतो आणि कामास लागतो. परंतु ज्याचे देणे आहे त्याने मागितले, मागणाऱ्याचा हिशेबही चुकीचा नाही, आणि तरीही देताना हात आखडतो, अशा वेळी मनात जी जळजळ उठते ती पुष्कळ दिवस शमत नाही. तिच्या पोटी अनेक युक्तिवाद जन्मास येतात, आणि त्यांतील बरेचसे धर्माचे वस्त्र पांघरूनच येतात. श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ विषादाने झाला आहे, याचे मर्म अशा प्रसंगी ध्यानात येते. अर्जुनाचा विषाद हा भित्र्याचा विषाद नव्हता. कर्तव्य समोर येऊन उभे राहिले, त्या क्षणी एकाएकी सुचलेल्या सद्विचारांचा तो विषाद होता.

ज्या कुरुक्षेत्रावर हा विषाद उत्पन्न झाला, त्यापासून मोटारीने दोन तासांच्या वाटेवर चंदीगड शहर आहे. त्या शहराच्या सेक्टर २२ मध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा एखादा महाराष्ट्रीय तरुण डोळ्यांपुढे आणावा. खाली शास्त्री मार्केटची गर्दी, रस्त्यापलीकडे सेक्टर १७ चे बसस्थानक, आणि खोलीत एक खाट, एक संगणक व भिंतीवर आईने दिलेली पांडुरंगाची तसबीर. वय चोवीस. शिक्षण कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात झालेले. वसतिगृह, भोजन व पुस्तके यांसाठी वडिलांनी गावाकडील पतसंस्थेतून कर्ज काढले होते; त्या कर्जाचा मोठा हप्ता एकरकमी भरावा म्हणून या मुलाने महिन्यामहिन्यास बाजूस टाकून चाळीस हजार रुपये जमविले आहेत. असे तरुण आज पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावर येणारा प्रसंगही ठरावीक आहे.

प्रसंग असा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात पहिले सहा महिने तो एका कचेरीत दरमहा ६० हजार रुपये पगारावर होता. ऑक्टोबर २०२४ पासून दुसरीकडे ९० हजारांवर लागला. पहिल्या कचेरीने वर्षाचा अंदाज करून पाहिला: ७ लाख २० हजारांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता उत्पन्न ७ लाखांच्या आत राहते, म्हणून कर शून्य, टीडीएस कापला नाही. दुसऱ्या कचेरीस पहिल्या पगाराची माहिती कोणी दिली नाही. तिने केवळ आपले सहा महिने मोजले, तेथेही कर शून्यच आला. परंतु कायदा कचेरी पाहत नाही, मनुष्य पाहतो. दोन्ही पगार मिळून ९ लाख, वजावट जाता ८ लाख २५ हजार. त्या वर्षीच्या दरांप्रमाणे कर ३२ हजार ५००, त्यावर चार टक्के उपकर, एकूण ३३ हजार ८००. आणि वर्षभरात आगाऊ हप्ते न भरल्याबद्दलचे व्याज धरून जुलैमध्ये आकडा ३६ हजारांच्या वर गेला. विवरणपत्र भरावयास बसलेल्या त्या मुलाच्या हातून पेला खाली पडला नाही एवढेच.

येथून क्रोधाचा आरंभ होतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी पतनाची जी पायरीपायरीची उतरंड दाखविली आहे, तिचे पहिले पाऊल क्रोध नव्हे; पहिले पाऊल आहे विषयाचे चिंतन. चिंतनातून संग, संगातून काम, कामाला अडथळा आला की क्रोध, आणि क्रोधातून मोह, स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश. या तरुणाने वर्षभर त्या चाळीस हजारांचे चिंतन केले होते. चिंतन शुद्ध होते, पित्याच्या ऋणमुक्तीचे होते, हे खरे. पण त्या रकमेत ३३ हजार ८०० रुपये असे होते की जे कधी त्याचे नव्हतेच. ते केवळ त्याच्या खात्यात मुक्कामास होते. दुसऱ्याची वस्तू आपली समजून मनात जागा दिली, म्हणून ती परत मागणारा दरोडेखोर वाटू लागला.

क्रोधाची पुढची पायरी मोह, आणि मोह हा वक्ता फार चांगला असतो. त्या तरुणास एकापाठोपाठ एक कारणे सुचू लागतात. कोट्यवधी रुपये बुडविणारे परदेशी पळाले, त्यांना कोणी विचारीत नाही. पगारदार मात्र सापळ्यात. रस्त्यांतील खड्डे तसेच आहेत, मग कर कशाचा? शिवाय १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील वर्षासाठी सूट वाढविण्यात आली. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरला नाही. म्हणजे वाढलेल्या पगारासह तोच तरुण २०२५-२६ मध्ये एक पैसाही देणे लागत नाही, आणि आदल्या वर्षी कमी मिळकतीवर ३३ हजार लागतो! या शेवटच्या तक्रारीत तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. नियमाची रेघ कोठेतरी ओढावी लागते, आणि रेघेच्या अलीकडे उभा असलेल्यास ती नेहमीच क्रूर वाटते. परंतु या सर्व कारणांच्या शिरोभागी त्याने जे कारण बसविले ते असे: हे पैसे वडिलांच्या कर्जाचे आहेत, पितृऋण फेडावयाचे की सरकारची तिजोरी भरावयाची?

याच वेळी मदतीस एक मध्यस्थ येतो. तो नेहमीच येतो. असे मध्यस्थ दूरध्वनीवरून सुचवितात की जुनी करपद्धती निवडावी, घरभाडे फुगवून दाखवावे, एखाद्या नामधारी पक्षास देणगी दिल्याची पावती जोडावी, नसलेल्या विम्याचे हप्ते लिहावेत. उत्पन्न ५ लाखांच्या आत आले की कर शून्य. मध्यस्थाची दक्षिणा तेवढी वेगळी. हे काल्पनिक भय नव्हे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशा खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांविरुद्ध देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. आणि त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १ हजार ४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने सांगितले. चाळीस हजार माणसे! त्यांतील बहुतेकांनी चोरी करावी म्हणून घराबाहेर पाऊल टाकले नसेल. कोणास मुलीचे लग्न होते, कोणास घराचा हप्ता होता. प्रत्येकापाशी एकेक पवित्र कारण असणार.

आता अर्जुनाकडे वळावे. तोही पवित्र कारणेच सांगत होता. कुलधर्माचा नाश होईल, पितरांस पिंड मिळणार नाही, गुरुजनांच्या रक्ताने माखलेले भोग काय करावयाचे? यांतील एकही वाक्य असत्य नाही. परंतु ही वाक्ये त्याला विराटनगरी सुचली नव्हती. सैन्य जमविताना सुचली नव्हती. ती सुचली रथ मध्यभागी उभा राहिल्यावर. म्हणूनच भगवंतांनी प्रथम त्याच्या युक्तिवादाचे खंडन केले नाही. त्यांनी एवढेच दाखविले की बोलणे पंडितांचे आहे आणि शोक मात्र पंडितांचा नाही. एखादे कारण खरे असणे आणि ते आपल्या कृतीचे खरे कारण असणे, यांत अंतर आहे. त्या तरुणाने स्वतःस विचारून पाहावे: वडिलांचे कर्ज नसते, तर हे ३६ हजार त्याने आनंदाने भरले असते काय? उत्तर नकारार्थी आले, तर पितृऋणाचे नाव केवळ ढालीसारखे पुढे धरले आहे असे समजावे.

सेक्टर २२ मधील त्याच्या शेजारी एक वृद्ध महाराष्ट्रीय गृहस्थ राहत असावेत, जन्मभर सरकारी लेखाखात्यात काम केलेले, आणि रविवारी सकाळी त्यांच्या घरी चार मंडळी गीतावाचनास जमत असावीत. मुलाने आपला ताप त्यांच्यापुढे ओतला, तर संवाद साधारण असा होईल.

“काका, मी कुणाचे बुडविले नाही. दोन्ही कचेऱ्यांनी पैसा कापला नाही, यात माझा काय दोष?”

“दोष नाहीच. पण बाळ, दोष वेगळा आणि देणे वेगळे. तुझ्या वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढले, तो काही त्यांचा दोष नव्हे. तरी फेडावे लागतेच ना?”

“ते त्यांनी माझ्यासाठी काढले. सरकारने माझ्यासाठी काय केले?”

“कऱ्हाडच्या कॉलेजात तू जी फी भरलीस, तेवढ्यात तुझ्या प्राध्यापकांचा पगार भागत होता काय रे?”

यावर मुलगा काही वेळ बोलणार नाही. १९६० साली स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयाच्या इमारती, प्रयोगशाळा, यंत्रे व वेतन यांचा भार विद्यार्थ्यांच्या शुल्काने उचलला जात नाही; तो लोकांच्या करातून उचलला जातो. आणि लोक म्हणजे केवळ आयकर भरणारे नव्हेत. विवरणपत्रे भरणाऱ्यांपैकीही फार मोठ्या संख्येचा आयकर शून्य असतो, हे पगारदारांचे गाऱ्हाणे खरे आहे. परंतु साबणाची वडी, चपलेचा जोड, दुचाकीतील इंधन यांवरचा कर ऊसतोडणी करणारी बाईही भरते, आणि तिला विवरणपत्र नसते, परतावा नसतो, तक्रारीस व्यासपीठही नसते. त्या बाईचे काही पैसे या मुलाच्या अभियांत्रिकीत खर्च झाले आहेत. तिला हे ठाऊक नाही. त्यालाही नव्हते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्र हेच आहे. देवांनी दिलेले भोग त्यांना काही न देता जो उपभोगतो त्याला भगवंतांनी जे नाव दिले आहे ते कठोर आहे. ते चोर असे आहे. कृपण नव्हे, आळशी नव्हे, चोर. पर्जन्य, अन्न, कर्म, यज्ञ यांचे ते फिरते चाक वर्णन करून भगवान पुढे म्हणतात की जो या चाकास आपला हात लावीत नाही त्याचे जगणे व्यर्थ आहे. यज्ञ या शब्दाचा अर्थ अग्नीत तूप घालणे एवढाच घेणाऱ्यास हे श्लोक आपल्यासाठी नाहीत असे वाटते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लोकसंग्रहावर जो भर दिला, तो ध्यानी घेतला म्हणजे यज्ञाचे क्षेत्र किती विस्तृत आहे ते कळते. समाजाचे धारण ज्या ज्या देण्याने होते, ते ते सर्व यज्ञात येते.

हे चाक पाहावयास त्या तरुणास दूर जावे लागत नाही. तो त्यावरच राहतो. १९४७ मध्ये लाहोर गेले आणि पूर्व पंजाबास राजधानी उरली नाही. लक्षावधी निर्वासित अंगावरच्या वस्त्रांनिशी आले होते. अशा काळात शिवालिकच्या पायथ्याशी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन नवे नगर उभारावयाचे ठरले. मुख्य अभियंता पी. एल. वर्मा, नगराचा आराखडा ल कॉर्बुझिए यांचा, आणि प्रथम उभ्या राहिलेल्या वस्त्यांत सेक्टर २२, ज्याची रचना मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू या दांपत्याने केली. तेथे घरे बांधली ती केवळ अधिकाऱ्यांसाठी नव्हेत. शिपाई व कारकून यांच्यासाठीही विटांची लहान, हवेशीर, नळ व शौचकूप असलेली घरे झाली, दुकानांची रांग झाली, शाळा झाल्या. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले. हे नगर बांधले तेव्हा त्यात केंद्र शासनाचा पैसा होता. म्हणजे मद्रासच्या हातमागवाल्याचा व विदर्भातील कापूस व्यापाऱ्याचाही होता. १ नोव्हेंबर १९६६ पासून चंदीगड केंद्रशासित आहे. त्यास स्वतःचे विधिमंडळ नाही. त्याच्या खर्चाची तरतूद संसदेपुढील केंद्रीय अर्थसंकल्पातून होते. सेक्टर २२ मधील दिवा, नाली आणि वृक्षांची छाया यांत देशभरच्या करदात्यांचा अंश आहे. ज्यांची शेते गेली त्या गावकऱ्यांनी तर कोणत्याही करदात्यापेक्षा अधिक दिले, ही गोष्ट या नगराच्या स्तुतीत सहसा येत नाही.

तरीही प्रश्न उरतो, आणि तो झटकून टाकू नये. ज्याला द्यावयाचे तो व्यवहार निर्दोष नसेल तर? पैसा वाया जातो, गळतो, काही अपात्र हातांत पडतो. भगवंतांनी अठराव्या अध्यायात याचे उत्तर अग्नीच्या दृष्टांताने दिले आहे. अग्नीस धूर असतो. सर्व आरंभांस दोष असतात. म्हणून सहज कर्म टाकू नये. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून चूल फोडणारी गृहिणी कोठे आढळत नाही. ती फुंकणी घेते, धुराडे साफ करविते. शास्त्रांनी धुराचीही उपेक्षा केलेली नाही. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिरास सांगतात की राजाने मधमाशीप्रमाणे कर घ्यावा, फूल कोमेजू देऊ नये. गाईचे दूध काढावे पण वासरास उपाशी ठेवू नये. षष्ठांश घेऊन जो प्रजेचे रक्षण करीत नाही, त्याच्या माथी प्रजेची पापे येतात. म्हणजे आधी घेणाऱ्याचा धर्म सांगितला, मग देणाऱ्याचा. घेणाऱ्यांनी ही पाने वाचावयास हवीत. परंतु त्यांनी ती वाचली नाहीत म्हणून देणाऱ्याचे पान फाटत नाही.

आधुनिक आयकर या देशात १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी आणला. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी परक्या सरकारने, प्रजेस न विचारता, तो बसविला होता. त्या कराविषयी प्रजेने जी नाराजी बाळगली ती न्याय्य होती. १९५० पासून स्थिती पालटली. कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता वा वसूल करता येणार नाही असे संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदाने ठरविले, आणि कायदा करणारे लोकांनी निवडलेले आहेत. तरी परक्या राज्यातही लोकमान्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १८९६ च्या दुष्काळात पीक बुडालेल्या शेतकऱ्यांस सारा तहकुबीचा व सुटीचा जो हक्क सरकारच्याच नियमांनी दिला होता, तो त्यांनी गावोगाव समजावून दिला. हक्काचे असेल ते निर्भयपणे मागा, हा त्यांचा उपदेश होता. खोटे पंचनामे लिहा असा नव्हता. सूट मागणे आणि खोटी पावती जोडणे यांत हाच भेद आहे. त्या तरुणास कायद्याने मिळणारी एखादी वजावट नजरेतून सुटली असेल तर ती त्याने अवश्य घ्यावी, जाणत्या सनदी लेखापालाकडून पडताळून घ्यावी. त्यात कमीपणा नाही. चुकवेगिरी तेथे सुरू होते जेथे न घडलेली गोष्ट घडली म्हणून लिहिली जाते. मग कायद्यात बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड आहे; पण गीतेच्या वाचकास दंडाचे भय घालणे हा गौण मार्ग होय.

कर आणि दान यांची गल्लत झाल्यानेही पुष्कळ मनस्ताप होतो. कर भरणारा स्वतःस दाता समजतो. मग दात्यास जो मान मिळावयास हवा तो मिळत नाही म्हणून रुष्ट होतो. कर हे दान नव्हे. दानाचे लक्षण सतराव्या अध्यायात आहे: देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, परतफेडीची आशा न धरता, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक, आणि फळाकडे डोळा ठेवून किंवा मनात कुढत दिलेले ते राजस. चंदीगडातच याचे उदाहरण झाले. फाळणीत पेशावरहून आलेले जगदीशलाल आहुजा यांनी फळांच्या व्यापारात जे मिळविले ते, आपली मालमत्ता विकूनसुद्धा, पीजीआय रुग्णालयाबाहेर लंगर चालविण्यात घातले. वर्षानुवर्षे त्या दाराशी रुग्णांच्या नातलगांस ऊन पोळी, डाळ मिळत राहिली. २०२० मध्ये त्यांस पद्मश्री जाहीर झाली. २०२१ मध्ये ते निवर्तले. दाराबाहेरचा तो लंगर दान होता. दाराच्या आतील ते प्रचंड रुग्णालय, जेथे पंजाब, हरियाणा, हिमाचल व काश्मीरचे गरीब उपचारास येतात, ते कराचे आहे. एका पंगतीस दोन्ही लागतात. ज्या भूमीत नामदेवरायांनी घुमान येथे वास्तव्य केले, त्या पंजाबात श्रमाने मिळवावे व वाटून खावे हा संस्कार लहान मुलासही असतो; पण लंगरात सेवा केली म्हणून कोणी दुकानदाराची उधारी माफ झाली असे मानीत नाही.

देण्याची माफी कोणी द्यावयाची, हे महाराष्ट्रातील संतांच्या चरित्रांतून फार स्पष्ट दिसते. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. ती खते लोकांकडून येणे असलेल्या पैशांची होती. स्वतः द्यावयाच्या पैशांची खते त्यांनी बुडविली असे कोणी सांगत नाही. जो येणेकरी आहे त्याने सोडले तर ते वैराग्य. देणेकऱ्याने सोडले तर त्यास दुसरे नाव आहे.

मग त्या तरुणाने काय करावे? कर भरावा, हे उघड आहे. पण तेवढ्याने त्याचे दुःख संपत नाही, कारण खात्यात चार हजारही धड उरत नाहीत आणि पतसंस्थेचा हप्ता पुढे ढकलावा लागतो. हे वडिलांना सांगणे त्यास करापेक्षा जड जाणार. पिता कदाचित रागावेल, कदाचित काही न बोलता पतसंस्थेच्या चिटणीसास भेटावयास जाईल. ऋण दोन असली तर एक खरे व दुसरे खोटे ठरवून सुटका होत नाही. दोन्ही फेडावयाची, एक आज, एक दोन-तीन महिन्यांनी, आणि उशीर होईल तेथे तोंड लपवावयाचे नाही. योग म्हणजे कर्मातील कौशल्य असे जे भगवंतांनी सांगितले त्यात हेही येते की नोकरी बदलताना मागील पगाराची माहिती नव्या कचेरीस लिहून द्यावी, आणि जो पैसा पुढे द्यावयाचा आहे तो पहिल्या दिवसापासून वेगळा मोजावा. आपला नव्हे असा मोजलेला पैसा जाताना मनास ओरखडा उठत नाही.

याच ठिकाणी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे स्मरण होते. ते बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, माणसे दाराशी येऊन मरू लागली, आणि दामाजींनी सरकारी कोठारे उघडून धान्य लुटविले. यापेक्षा पवित्र कारण कोणते असू शकेल? तरी धान्य राजाचे होते, आणि दामाजींनी ते कधी आपले म्हटले नाही. बादशहाचे शिपाई त्यांस बांधून नेण्यास आले तेव्हा ते मुकाट निघाले. कागद बदलले नाहीत, उंदरांनी खाल्ले असे लिहविले नाही. वाटेत पंढरी लागली, तेथे दर्शन घेतले.

पुढे काय झाले ते घरोघरी सांगतात. विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन, खांद्यावर घोंगडी टाकून, बेदरच्या दरबारात गेला. तो सर्वशक्तिमान होता. बादशहाची बुद्धी फिरविणे, चोपडीतील आकडे पुसणे, कोठारे आपोआप भरणे, यांतील काहीही त्याला अशक्य नव्हते. पण भक्ताचे देणे त्याने पुसले नाही. त्याने धान्याची किंमत मोजून दिली, दामाजींच्या नावे दिली, आणि रीतसर पावती मागून घेतली. दामाजींस यातले काहीच ठाऊक नव्हते. ते वाटेवरच होते. सकाळी स्नान आटोपून, शिपायांच्या देखतच, त्यांनी नित्यपाठाची पोथी सोडली, तेव्हा पानांच्या मध्ये बादशहाच्या शिक्क्याची भरपाई होती.